पोहायचं नाहीये, पाण्यात चालायचंय

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. वजन ७४ किलो, उंची पाच फूट. बीपीची गोळी चालू आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, 'झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नाही. वजन उतरवा आणि पाण्यातले व्यायाम करा.' ओळखीपाळखीचे सगळे म्हणतात, गुडघ्यातलं वंगण संपलं. रोज संध्याकाळी चालायला जायचे, तेही बंद केलंय. रिक्षानं दहा मिनिटांवर तरणतलाव आहे, सकाळी ११ वाजता फक्त बायकांची बॅच असते. पण मला पोहता येत नाही. लहानपणी गावी, सातारा जिल्ह्यात, चुलतभावांनी पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललं, तो भोपळा सुटला, आणि तेव्हा पाण्याची धास्ती बसली ती बसलीच. शिवाय या वयात पोहण्याचा पोशाख घालायचा? आमचे हे म्हणतात, 'आता हे काय नवीन थेर!' जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा अकलोलीला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात बस. नक्की काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र इथं थोडक्यात छापलंय. मूळ पत्रात गुडघ्याबद्दल चार ओळी होत्या आणि विहीर, पोशाख, यजमान आणि जाऊबाई यांना मिळून दीड पान. ते मला अगदी बरोबर वाटलं. गेली बावीस वर्षं मी फिजिओथेरपी करतेय आणि त्यातली चौदा वर्षं आठवड्यातून तीन दिवस छातीभर पाण्यात उभी राहून. गुडघ्यांमुळे पाण्यात न उतरलेली बाई मला फारशी भेटलेली नाही. पोशाखामुळे, शिडीमुळे, 'लोक काय म्हणतील'मुळे परत गेलेल्या मात्र कितीतरी. म्हणून आधी गुडघ्याचं थोडक्यात सांगते आणि मग तुमच्या दीड पानाकडे वळते.

वंगण संपलेलं नाही. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की रिक्षा गॅरेजला लावावी तसे लोक गुडघ्यात ग्रीस भरून घ्यायला येतात. झिजलीय ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे ती गुळगुळीत गादी. या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, तिच्यावर दाब पडला, सुटला, पुन्हा पडला, की स्पंजासारखी ती सांध्यातल्या द्रवातून आपलं अन्न ओढून घेते. तुम्ही दुखतंय म्हणून चालणं सोडलंत. त्यामुळे गादीचं खाणंपिणं तर आटलंच, शिवाय गुडघ्याला दोरखंडासारखा धरून ठेवणारा मांडीचा पुढचा स्नायू बारीक व्हायला लागला. तो बारीक झाला की गुडघ्यावर आणखी भार, आणखी दुखणं, आणखी बसून राहणं. तुमच्या डॉक्टरांनी पाणी सांगितलं ते या चक्राला मध्येच कुठंतरी पाचर मारता यावी म्हणून.

आता तुमचेच आकडे घेते. पाणी कमरेपर्यंत आलं की अंगाचं साधारण निम्मं वजन पाणी उचलतं. छातीचं हाड जिथं खाली संपतं तिथपर्यंत आलं की पायांवर तिसऱ्या हिश्श्याच्याही आत वजन उरतं. मानेपर्यंत आलं तर दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तुमच्या उंचीला साडेतीन फूट पाणी म्हणजे जवळपास छातीशी. तिथं उभं राहिलात की ७४ किलोंतले वीस-पंचवीस किलोच पायांवर येतात. तिसरीच्या वर्गातल्या एखाद्या पोराचं वजन. ज्या गुडघ्याला जमिनीवर दहा पावलं नकोशी होतात, तो तिथं शंभर टाकतो आणि कुरकुरत नाही.

आणि हे फुकटचं नव्हे. हवेपेक्षा पाणी साधारण आठशेपट दाट असतं. पाय पुढं टाकायचा तर ते बाजूला सारावं लागतं, मागं आणायचा तरी सारावं लागतं. वेग दुप्पट केलात तर पाण्याचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. वजनाच्या पट्ट्या नकोत, डंबेल नकोत. दुखलं की हळू करायचं, पाणी लगेच मऊ होतं. माझ्या मते गुडघेदुखीच्या माणसासाठी पाण्याची खरी गंमत हीच आहे. तरंगण्याचं कौतुक सगळे करतात.

पण याच्यात एक फसगत आहे आणि ती मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तुमच्याच वयाच्या एक बाई आल्या. पाण्यात उतरल्या आणि पाच मिनिटांत चेहराच बदलला. 'अहो, दुखतच नाहीये!' त्या चालल्या, पाय फिरवले, सायकल मारली, हसत होत्या. मीही नवीन होते, मलाही आनंद झाला. पाऊण तास झाला तरी मी त्यांना थांबवलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला : आई अंथरुणातून उठत नाहीये. काही मोडलं नव्हतं, नुसती अंग आणि सांधे धरण्याची गोष्ट होती. पण त्या बाई पुन्हा तलावावर आल्या नाहीत. पाण्यात दुखणं कळत नाही, घाम कळत नाही, दमणूक कळत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही घड्याळाकडे बघायचं. गुडघ्याला विचारायचं नाही, तो खोटं सांगतो.

आता विहीर. तुम्हाला ढकलणारे चुलतभाऊ आज सत्तरीला टेकले असतील आणि त्यांचेही गुडघे दुखत असतील, एवढं समाधान तूर्त मानून घ्या. सुका भोपळा किंवा रिकामा डबा पाठीला बांधून पोरं विहिरीत शिकायची. त्यात निम्मी शिकायची आणि निम्म्यांना जन्माची भीती बसायची, तुम्ही त्या दुसऱ्या निम्म्यातल्या. पण विहिरीत पायाला तळ लागत नव्हता, म्हणून तुम्ही घाबरलात. तलावाच्या उथळ टोकाला तुम्ही जमिनीवरच उभ्या असता, भोवती पाणी असतं एवढंच. जे व्यायाम मी सांगणार आहे त्यात पोहणं नाही, तोंड बुडवणं नाही, पाय तळावरून दोन्ही एकदम उचलणंसुद्धा पहिले दोन-तीन आठवडे नाही. माझ्या बॅचमध्ये वर्षानुवर्षं येणाऱ्या बऱ्याच जणींना आजही पोहता येत नाही.

तरीही पहिल्या दिवशी प्रशिक्षिकेकडून एकच गोष्ट शिकून घ्या : पाय घसरून वर आले तर पुन्हा उभं कसं राहायचं. गुडघे पोटाशी ओढायचे, हनुवटी छातीकडे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं. पाय आपोआप खाली येतात, मग ते सावकाश टेकवायचे. कठड्याजवळ, तिच्या हातात हात ठेवून पाच-सहा वेळा करा. भीती पुष्कळशी 'आता उठता येणार नाही' याचीच असते. आणि जीवरक्षकाला आधीच सांगून ठेवा की मला पोहता येत नाही. यात लाज कसली? त्याला उलट बरं वाटतं.

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बघायला जा. बरोबर ११ वाजता. सगळ्यात आधी पाण्यात उतरायची सोय बघा, पाणी नंतर. आपल्याकडच्या बहुतेक तलावांना भिंतीला चिकटलेली उभी स्टीलची शिडी असते, पोरांसाठी ठीक, गुडघ्यांसाठी वाईट. एखाद्या कोपऱ्यात रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा असेल तर तो तलाव तुमचा. नसेल तर शिडीच्या पायऱ्यांतलं अंतर बघा, तुमच्या जिन्याच्या पायरीपेक्षा फार नको. उथळ टोक किती फुटांचं आहे आणि तळ कुठून उतरायला लागतो तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी तीन-साडेतीन फुटांवरून तळ हळूहळू घसरत जातो आणि बोलता बोलता पाणी गळ्याशी येतं. दोरी लावलेली असेल तर तिच्या अलीकडेच राहायचं.

मग हात बुडवून पाणी बघा. सांधेदुखीला २८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपासचं कोमट पाणी मानवतं. इस्पितळांतल्या खास तलावांत ते ३३ ते ३५ अंशांपर्यंत तापवतात. उघड्या तलावात असं कोण तापवून देणार! पण तुमची ११ ची बॅच ही त्या मानानं लॉटरीच आहे. पाणी शरीरातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतं. डिसेंबरात पहाटे सहाला उतरलात तर स्नायू आखडतात आणि गुडघा आणखी चिडतो. थंडीचे दोन महिने सुट्टी घ्यावी लागली तर खुशाल घ्या. होळीच्या सुमारास सुरुवात केलीत तर पावसाळ्यापर्यंत सवय मुरलेली असेल.

तलावावर डॉक्टरांचं प्रमाणपत्र बहुधा मागतातच. नाही मागितलं तरी बीपीच्या गोळीमुळे ते तुम्ही घ्याच. आणि पहिल्यांदा वर्षाची फी भरू नका, महिन्याचा पास मिळतो का विचारा.

पोशाखाचं आता. दुकानात भिंतीवर टांगलेले दोन पट्ट्यांचे पोशाख बघून परत फिरू नका. पायघोळ, कोपरापर्यंत बाह्यांचे, वरून झालर असलेले, पोटऱ्यांपर्यंत विजार असलेले पोशाख सर्रास मिळतात आणि तुमच्या बॅचमधल्या बहुतेक जणी तेच घालून येतात. एक माप मोठं घ्या. सुती सलवार-कुर्ता किंवा गाऊन मात्र चालत नाही, आणि हा नियम काही नखरा नव्हे. सुती धागे सुटून गाळणीत अडकतात. दुसरं म्हणजे भिजलेलं सुती कापड मणभर जड होतं, आणि ते सगळं अंगाला लोंबत असताना शिडी चढायची तुम्हालाच आहे. केसांना तेल लावून जायचं नाही, टोपी घालायची, अंगावरचं सोनं घरी.

पोशाख घालण्यापेक्षा ओला पोशाख काढणं हे खरं काम, आणि ते कुणी आधी सांगत नाही. तो अंगाला सालीसारखा चिकटतो. बोटं आखडलेली, जमीन ओली, एका पायावर उभं राहून दुसरा सोडवायला गेलं की तोल गेलाच म्हणून समजा. तलावावर पडतात त्या बायका पाण्यात नाही, कपडे बदलायच्या खोलीत. स्टूल मागून घ्या, बसूनच काढा. खांद्यावर मोठा टॉवेल घ्या, खाली नक्षीदार तळाची रबरी चप्पल, आणि घालायला पुढून बटणांचा सैल गाऊन. डोक्यावरून घालायचे, नाड्यांचे कपडे त्या दिवशी नकोत.

उतरताना तोंड शिडीकडे, पाठ पाण्याकडे. दुखरा पाय आधी खाली, म्हणजे तुमचा उजवा. वर येताना चांगला पाय आधी वर, म्हणजे डावा. हेच घरच्या जिन्यालाही लागू, आजपासूनच करून बघा. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणत.

पाण्यात पहिली दहा मिनिटं नुसतं चालायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पाण्यात सगळेजण चवड्यांवर उड्या मारल्यासारखे, पुढं झुकून चालतात. तसं नको. भिंतीलगत उभ्या राहा, एक हात कठड्यावर. आधी टाच, मग तळवा, मग बोटं. पाठ सरळ, पोट किंचित आत. पावलं नेहमीएवढीच. शाळेच्या व्हरांड्यातून वर्गावर निघाल्यासारखं, उशीरही नाही आणि घाईही नाही. त्या टोकाला गेलात की वळून येऊ नका, तसंच उलटं चालत या. मागं चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला काम लागतं, आणि तुमची दुबळी बाजू तीच. मग खेकड्यासारखं आडवं, तोंड भिंतीकडे ठेवून, जाताना आणि येताना. आडव्या चालण्यानं कमरेच्या बाजूचे स्नायू जागे होतात. चालताना बायका डुलतात ती तक्रार बरीचशी या स्नायूंची असते, गुडघ्याच्या नावावर उगाच खपते.

चालून झालं की कठड्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी तो धरा. एकेक पाय सरळ ठेवून मागं, मग बाजूला, मग पाठ भिंतीला टेकवून पुढं. प्रत्येकी आठ-दहा वेळा. त्यानंतर टाच मागं उचलून गुडघा वाकवायचा, जेवढा सहज वाकतो तेवढाच. मग अर्धी बैठक : खुर्चीत बसायला निघालोय आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मध्येच थांबलो, तेवढीच. खाली जाल तसं पाणी आणखी वजन उचलतं, म्हणून जमिनीवर जी बैठक दुखते ती इथं जमते. रुंद पायऱ्या असतील तर शेवटी पाण्यातल्या पायरीवर बसून दोन मिनिटं हवेत सायकल. म्हणजे पाण्यात! हातांचं काम याच्यात मिसळून टाका, तळहात उघडे ठेवून पाणी ढकलायचं, जड झालं की तळहात आडवा कापत न्यायचा.

श्वास रोखायचा नाही. शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुमच्या बॅचमध्ये याची चिंता नसावी.

काय करायचं नाही तेही सांगते, कारण तलावावर फुकटचे गुरू पुष्कळ भेटतात. बेडकासारखे पाय मारायला कुणी शिकवायला लागलं तर हात जोडा. त्या लाथेत गुडघा बाहेरच्या बाजूनं पिळला जातो आणि आतल्या बाजूचं बंधन ताणलं जातं. चांगल्या पोहणाऱ्यांचेही गुडघे त्यानं दुखावतात. पाऊल तळावर रोवलेलं असताना कमरेतून गर्रकन वळणं नको, संगीत लावून उड्या मारायचा वर्ग असेल तर सध्या त्यातही नको. पुढं कधी पोहायला शिकावंसं वाटलं तर पाठीवरचं पोहणं शिका, पाय कमरेतून सैल हलवत.

किती वेळ? पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, त्यात वर सांगितलेलं निम्मंच होईल, होऊ द्या. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत पस्तीस-चाळीसपर्यंत. जास्त झालं की नाही हे ओळखायची जुनी खूण आहे : व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं. बंद नाही, कमी. स्नायू आंबल्याची गोड दुखी वेगळी, तिचं वाईट वाटून घेऊ नका.

मध्येच लघवीची भावना होईल. बायका यामुळे संकोचतात आणि येण्याआधी पाणी पिणंच सोडतात, ते चूक आहे. छातीभर पाण्यात पायांवर चहूबाजूंनी दाब पडतो, तिथलं रक्त वर छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. याच दाबानं पायांची सूज उतरते, घोटे संध्याकाळी हलके वाटतात. तेव्हा उतरण्याआधी जाऊन या आणि काठावर पाण्याची बाटली ठेवा. घाम येतोच, पाण्यात तो दिसत नाही.

आणि आता बाहेर येणं. याबद्दल तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. शिडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर कंबर पाण्याबाहेर येते आणि पाण्यानं उचललेलं वजन एका झटक्यात परत अंगावर पडतं. पाय शिशाचे होतात, गुडघे थरथरतात. पहिल्या दिवशी प्रत्येकीला वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, इतका वेळ पाण्यानं फसवलं होतं. शिवाय अंगावरचा पाण्याचा दाब सुटतो तसं बीपी थोडं खाली येतं, आणि तुमची तर गोळी चालू आहे, म्हणून डोकं हलकं होऊ शकतं. तेव्हा आधी कमरेएवढ्या पाण्यात दोन मिनिटं उभ्या राहा. मग दोन्ही हातांनी कठडे धरून, डावा पाय आधी, सावकाश. वर आल्यावर लगेच निघायचं नाही, बाकावर पाच मिनिटं बसायचं, मग अंघोळ. क्लोरीननं कातडी कोरडी पडते, घरी गेल्यावर खोबरेल चोळा.

जाऊबाईंचं म्हणणं मी अगदी मोडीत काढणार नाही. अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, तानसा नदीकाठची ही सगळी गरम पाण्याची कुंडं दुखऱ्या सांध्यांनी कितीतरी पिढ्या गजबजलेली आहेत. गरम पाण्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, दोन-चार तास बरं वाटतं, हे खरंच. पण कुंडात आपण बसतो. मांडीचा स्नायू बसून मजबूत होत नाही. बीपीच्या माणसानं कढत पाण्यात फार वेळ बसणं बरंही नव्हे, उठताना घेरी येते. जाऊबाईंना मधुमेह असेल तर त्यांना बजावून सांगा की आधी हातानं पाणी बघा, मग पाय घाला. बधिर पायांना पोळलेलं कळत नाही. एखाद्या रविवारी दोघी जा, देवीचं दर्शन घ्या, दहा मिनिटं पाय सोडून बसा, पोटभर गप्पा मारा. ती सहल झाली, व्यायाम सोमवारी.

यानं गुडघा पूर्ववत होईल का? नाही. झिजलेली गादी पाण्यानं परत उगवत नाही. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेनं गुडघे आणि खुब्यांच्या झिजेवरच्या पाण्यातल्या व्यायामांचे १३ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा निघाला की दुखणं, हालचाल आणि रोजचं जगणं यांत थोडी सुधारणा होते आणि ती तेवढ्या काळापुरती दिसते. 'थोडी' या शब्दावर नाराज होऊ नका. भाजी आणायला दिवसातून एकदाच उतरणारी बाई दोनदा उतरायला लागली, तर कागदावर ते थोडंच असतं. तेवढ्या काळापुरती म्हणजे सोडलं की जातं, हे मात्र लक्षात असू द्या. सहा ते आठ आठवडे नेमानं केल्याशिवाय 'मला काही फरक नाही' असं ठरवू नका.

पाण्याला एक गोष्ट जमत नाही. हाडं भक्कम राहायला त्यांच्यावर वजन पडावं लागतं आणि पाणी तर वजनच काढून घेतं. तुमच्या वयात हाडं ठिसूळ होण्याचा प्रश्न असतोच. म्हणून पाण्यात कमावलेली ताकद रोज थोडी जमिनीवर खर्च करा : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. तलाव बंद असेल तेव्हा पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा. मागच्या महिन्यात कऱ्हाडजवळच्या खेड्यातून एका वाचकानं विचारलं होतं, आमच्याकडे तलावच नाही, नदीत उतरू का? त्यांनाही माझं हेच उत्तर : नदी नको, गुंडाळी आणि खुर्ची.

वजनाचं डॉक्टरांनी सांगितलंयच. अंगातला एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरवलेत तर वीस. पण नुसत्या पाण्यातल्या चालण्यानं ते उतरायचे नाहीत. पाण्यातून आलं की भूक कडाडून लागते आणि तलावाच्या फाटकाबाहेर वडापावची गाडी असतेच असते. माझ्या बॅचमध्ये वर्षभरात वजन वाढवून दाखवलेल्या दोघी आहेत. डब्यात फुटाणे किंवा फळ घेऊन जा.

अंगावर उघडी जखम, त्वचेचा किंवा लघवीचा संसर्ग, ताप असताना उतरायचं नाही. सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल त्या दिवशीही नाही. हृदय कमजोर असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि सांधा बदलून घेतलेल्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नये. ऑपरेशनची जखम पूर्ण भरल्याशिवाय तर मुळीच नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण हे सदर इतरही वाचतात.

राहता राहिले यजमान. 'थेर' म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, त्यांना कामाला लावा. पर्स, चष्मा, घराची किल्ली, कोरडा गाऊन आणि पाण्याची बाटली एवढं सगळं घेऊन कुणीतरी तलावाबाहेरच्या बाकावर बसायला हवंच असतं, आणि पहिल्या दिवशी परतताना दुसरा मजला चढायला दंडाला धरणारंही. आमच्या तलावावर अशा चार-पाच नवरोबांचा बाक ठरलेला आहे. त्यातल्या दोघांनी गेल्या उन्हाळ्यात स्वतःचे पास काढले. एकाचा खांदा धरलाय, दुसऱ्याचा गुडघा.